मिळाले म्हणणारा डबा

मित्रांनो, दुकानाच्या काउंटरवर बसून ‘पन्नास रुपये मिळाले’ असं ओरडणारा जो चौकोनी डबा तुम्ही रोज ऐकता, तो मी. म्हणजे होतो. आता मी जुना झालो. वय विचाराल तर तीन वर्षंसुद्धा पुरी नाहीत. पण आमच्या जातीत एवढ्यावर म्हातारपण धरतात.

माझा जन्म एका मोठ्या कारखान्यात झाला. त्याच दिवशी माझी काही हजार भावंडं जन्मली, त्यामुळे बारसं कुणाचंच झालं नाही, नुसते नंबर पडले. माझ्या पोटात एक बॅटरी, एक सिमकार्ड आणि एका बाईचा आवाज बसवला. मला अकरा भाषा येतात. अकराही भाषांत मला एकच वाक्य येतं.

गोदामात काही महिने काढल्यावर माझी रवानगी सोलापूरला झाली. तिथल्या जुळे सोलापूर ह्या वस्तीत चंद्रव्वाचा पत्र्याचा गाळा आहे. ती बरेच दिवस टिकणारी कडक भाकरी आणि शेंगाचटणी विकते. सून शिवलीला चूल सांभाळते, चंद्रव्वा भाकरी थापते आणि गिऱ्हाइकाशी बोलते. तिला लिहायवाचायला येत नाही. लोक मोबाईल तिच्या नाकासमोर धरायचे, हिरवी खूण दाखवायचे आणि जायचे. त्यातल्या दोघांनी तीच हिरवी खूण आठवडाभर दाखवली, हे शिवलीलाच्या फार उशिरा लक्षात आलं.

अशा वेळी निळा शर्ट घातलेला मंजुनाथ मला घेऊन आला. तो कंपनीचा माणूस.

“मावशी, पैसे आले की हा स्वतः बोलतो. मोबाईल बघायची गरजच नाही.”

“आन् न्हाई आले तर?”

“तर गप्प बसतो.”

“माणसापरीस बरा हाय की मग,” चंद्रव्वा म्हणाली. “ह्याला द्यायचं काय?”

“काही नाही मावशी. फुकट आहे. सुरुवातीला.” शेवटचा शब्द तो जरा हळू म्हणाला. पुढे माझं महिन्याचं भाडं सुरू झालं, तेव्हा तो शब्द फक्त मलाच आठवत होता.

मित्रांनो, ते दिवस माझ्या वैभवाचे होते. मी बोललो की चंद्रव्वा मान डोलवायची आणि भाकऱ्यांचा गठ्ठा पुढे सरकवायची. लोकांच्या मोबाईलकडे ती बघेनाशी झाली. “आमचा डबा बोलला की झालं,” असं ती शेजारच्या गाळ्यांत सांगायची. खंडेनवमीला सोलापुरात ज्यानं त्यानं आपापल्या अवजारांची पूजा करायची. चंद्रव्वानं काठवट, तवा, उलथनं आणि शेंगा कुटायचं उखळ पाटावर मांडलं आणि सगळ्यांच्या पुढे मला बसवलं. हळदीकुंकू लावलं, झेंडूचं फूल डोक्यावर ठेवलं. उखळ म्हणजे तीस वर्षं मार खाल्लेला दगड. ते माझ्यामागे बसलं. त्यानं काही तक्रार केली नाही. दगडच तो. पुढच्या वर्षीही पहिला मान माझाच होता.

आता कडू भाग येतो. ज्यांना गोड शेवट हवा आहे, त्यांनी इथेच थांबावं.

माघाचा महिना होता. नवा शाळू बाजारात आला होता. चंद्रव्वा वर्षातून दोनदा ज्वारी भरते आणि त्यातली ही भरती मोठी: पंधरा पोती, थेट दिवाळीपर्यंतची बेगमी. मार्केट यार्डातले गुरुसिद्धप्पा दरवर्षी तिच्यासाठी मंगळवेढ्याचा निवडक माल बाजूला ठेवतात. ही भरती चुकली तर ज्वारी किराणा दुकानातून किलोनं आणायची, भाकरी महाग करायची आणि रोज भाकरी नेणाऱ्या दोन खानावळी हातच्या घालवायच्या. तिचं वर्ष त्या पंधरा पोत्यांवर उभं होतं. पैशाची काळजी नव्हती. बासष्ट हजार रुपये खात्यात होते. एकेक करून मीच तर ते ओरडून सांगितले होते.

शिवलीला पैसे काढायला गेली आणि तशीच परत आली.

“अत्ती, खातं बंद केलंय म्हणं.” अत्ती म्हणजे कानडीत सासूबाई.

“कुणी?”

“बँकेनं. पैसे आत येत्यात, भाईर येत न्हाईत म्हणं.”

“आपलेच?”

“आपलेच.”

तेवढ्यात एकानं चटणीचे पैसे पाठवले आणि मी खणखणीत आवाजात म्हणालो, “ऐंशी रुपये मिळाले.” दोघींनी माझ्याकडे पाहिलं. तशा नजरेनं मला आधी कुणी पाहिलं नव्हतं.

झालं होतं ते असं. दूरच्या एका राज्यात कुणीतरी कुणाला तरी मोबाईलवरून फसवलं. तो पैसा ह्या हातातून त्या हातात फिरत शेवटी मोटारसायकलवरच्या एका माणसाबरोबर सोलापुरात आला. त्या माणसाला भूक लागली. त्यानं वीस भाकऱ्या आणि अर्धा किलो चटणी घेतली. तीनशे दहा रुपये. मीच जाहीर केले होते. तिकडच्या पोलिसांनी माग काढत काढत पत्र पाठवलं आणि बँकेनं तीनशे दहा रुपये सापडावेत म्हणून बासष्ट हजारांना कुलूप घातलं. तो माणूस अजून सापडलेला नाही. चंद्रव्वा सापडली. ती रोज एकाच जागी बसते ना.

“बघ की शिवलीला,” ती म्हणाली, “चोर होता त्यानं मोजून पैसं दिलं. आन् हे साव, हे धरून बसलेत.”

मग हेलपाटे सुरू झाले. बँक म्हणाली, पोलिसांना विचारा. इथले पोलीस म्हणाले, तिकडच्या पोलिसांना विचारा. तिकडचा फोन वाजत राहायचा. कंपनी म्हणाली, बँकेला विचारा. सगळे अगदी सभ्यपणे बोलले. कुणीही आवाज चढवला नाही, कुणीही खुर्चीतून उठलं नाही.

कंपनीचा मदतीचा नंबर शिवलीलानं माझ्याशेजारी मोबाईल ठेवून लावला. पलीकडून एक बाई म्हणाली, “आपला कॉल आमच्यासाठी महत्त्वाचा आहे.” मी आवाज ओळखला. आमच्याच घराण्यातली. तिलाही एकच वाक्य येत होतं.

“शिकलेली दिसतीया,” चंद्रव्वा दहा मिनिटांनी म्हणाली. चाळीस मिनिटांनी म्हणाली, “ही श्वास कवा घेती गं?”

शेवटी एक खरा माणूस बोलला. त्यानं तक्रारीला नंबर दिला. नंबर पडणं म्हणजे काय, हे मला चांगलं ठाऊक आहे. त्यानंतर तुमचं कुणी नाव विचारत नाही.

गुरुसिद्धप्पांचा फोन आला. “चंद्रव्वा, शिवरात्रीपतोर माल झाकून ठिवतो. त्याच्या फुडं माझा इलाज न्हाई. मलाबी शेतकऱ्याला रोख द्यावं लागतंय. पुण्याचं गिऱ्हाईक दारात उभं हाय बग.”

शिवरात्रीला अकरा दिवस होते.

त्या आठवड्यात मंजुनाथ पुन्हा आला. ह्या वेळी शर्ट पिवळा होता आणि हातात पिवळा डबा.

“मावशी, त्या कंपनीत काही अर्थ नव्हता. ही नवीन बघा. सूनबाईंच्या नावावर खातं काढू, हा डबा लावू, दोन दिवसांत चालू. फुकट आहे.”

“सुरुवातीला,” चंद्रव्वा म्हणाली. म्हणजे तिलाही आठवत होतं. “मागच्या बारीला निळा हुतास, आता पिवळा झालास. आत तूच हाईस नव्हं?”

“मावशी, मी तरी काय करू? माझेसुद्धा दोन महिन्यांचे पैसे त्यांनी अडकवलेत.”

चंद्रव्वानं त्याला दोन भाकऱ्या बांधून दिल्या. त्यानं खिशातून मोबाईल काढला, तसं तिनं मला उलटं करून माझं बटण बंद केलं. “ऱ्हाऊ दे,” ती म्हणाली. “त्या विहिरीत आनखी काय टाकू नगंस.”

त्या दिवसापासून गाळ्यावर पाटी लागली: फक्त रोख. मित्रांनो, रोख पैसे ही वस्तू जुळे सोलापुरात आता पाहुण्यासारखी क्वचित येते. लोक यायचे, पाटी वाचायचे, खिसे चाचपायचे आणि आत्ता आलोच म्हणून जायचे. ते अजून यायचे आहेत.

कुंडलिकराव मात्र परत आले. रेल्वेतून निवृत्त झालेले गृहस्थ, मूळचे केम गावचे. पाचशेची नोट घेऊन आले. सुट्टे ना त्यांच्याकडे, ना हिच्याकडे.

“काय चंद्राक्का, भाकरीसाठी आता बँकेत जाऊन सुट्टे आणू का?”

“बँकेचं नाव काडू नका साहेब, सक्काळच्या पारी.”

“घरी तीन पोती ज्वारी पडलीय गावाकडची. हिचे गुडघे गेले, भाकरी थापता येत नाही. सुनेला येत नाही. पोरं ज्वारी म्हटलं की तोंड फिरवतात. ज्वारीचा ढीग घरात आणि मी भाकरी विकत घेतोय. हसा आता.”

चंद्रव्वा हसली नाही. तिचा हात काठवटीत थांबला. “मग ज्वारीच आणा की.”

“आणि?”

“आनि काय? एक माप ज्वारी तुमी द्या, निम्म्याची भाकरी मी देते. निम्मी माझी, दळणाची आन् कष्टाची. पैशाचं कामच न्हाई.”

कुंडलिकरावांनी पाचशेची नोट घडी करून खिशात ठेवली आणि तासाभरात स्कूटरवर पोतं आडवं टाकून आले. बातमी पसरली. जुळे सोलापुरात पगारदार माणसांची घरं पुष्कळ, प्रत्येकाचं गाव कुठंतरी आहे आणि गावाहून आलेली ज्वारी कॉटखाली पडून आहे. माळशिरसची आली, अक्कलकोटची आली. पिशवीतून, डब्यातून, रिक्षातून आली. काउंटरवर माझ्या जागी पितळेचं एक जुनं माप येऊन बसलं. ते ‘मिळाले’ वगैरे काही म्हणायचं नाही. भरलं की दिसायचं.

पण ही काही परीकथा नाही. शिवरात्रीला चंद्रव्वानं मोजलं, तेव्हा सहा पोती झाली होती. पंधरा कुठली? गुरुसिद्धप्पांचा माल पुण्याला गेला. फोनवर ती नुसतं “बरं” म्हणाली आणि पुढची भाकरी थापायला घेतली. त्या भाकरीवर तिची पाचही बोटं उमटली होती.

दोनपैकी एक खानावळ सुटली. शेंगा कुणी स्कूटरवर घालून आणल्या नाहीत, मिरच्याही नाहीत. त्यामुळे चटणी बंद झाली. उखळ कोपऱ्यात कोरडं पडलं. लोक विचारायचे, चटणी नाही का? शिवलीला म्हणायची, “बँकेत हाय.”

ज्वारीमुळे चूल विझली नाही, एवढंच.

श्रावणात एका दुपारी मोबाईलवर निरोप आला: खातं चालू केलं आहे. चूक कुणाची, सहा महिने कशासाठी, यातलं काही त्यात नव्हतं. तीनशे दहा रुपये तेवढे मागे ठेवून घेतले होते. मात्र खातं उघडल्याबरोबर सर्वांत आधी आत शिरली ती माझी कंपनी. माझं सहा महिन्यांचं भाडं कापलं, वर उशिराचा दंड. मी त्या सहा महिन्यांत एक शब्द बोललो नव्हतो. माझ्या गप्प बसण्याची इतकी किंमत आहे हे मला तेव्हा कळलं.

चंद्रव्वानं उरलेले सगळे पैसे काढून आणले. शेंगा भरल्या, उखळ धुतलं. मला परत करायचं म्हणून शिवलीलानं विचारलं, तर कळलं की परत करायचा अर्ज ऑनलाइन भरावा लागतो आणि त्याची फी त्याच खात्यातून कापली जाते. म्हणून मी इथेच राहिलो. पिठाच्या मोठ्या डब्याचं टेबल एका पायानं डुगडुगत होतं. त्या पायाखाली मला सरकवलंय. नेमका बसलो. टेबल आता हलत नाही.

परवा खंडेनवमी झाली. पाटावर पहिलं उखळ, मग काठवट, तवा, उलथनं आणि शेवटी पितळेचं माप. टेबलाखालून मला सगळं दिसत होतं.

शिवलीलानं वाकून पाहिलं. “अत्ती, ह्याला काढू का भाईर? मागच्या साली पैला नंबर ह्याचाच हुता.”

चंद्रव्वा हातातलं कुंकू उखळाला लावत होती. तिनं मागे वळूनही पाहिलं नाही.

“ह्यो राबला कुटं? ह्यानं नुसतं सांगितलं.”

मित्रांनो, ह्यात खोडून काढण्यासारखं काहीही नाही.

आमच्यासारख्यांची काळजी घ्या, असं मी सांगणार नाही. आमची काळजी घ्यायला भाडं आहे. तुम्ही एवढंच करा. भाकरी घ्याल, पैसे पाठवाल, माझा कुणी भाऊबंद ‘मिळाले’ म्हणेल, तेव्हा लगेच पाठ फिरवू नका. समोर बसलेल्या बाईला एकदा विचारा, “अक्का, हातात आले का?” आणि तिचं उत्तर येईपर्यंत भाकरीचं पुडकं सोडू नका. उत्तराला सहा महिने लागले तरी घाबरायचं कारण नाही. भाकरी टिकते. सोलापूरची आहे.