उंबरठ्यांची खोट

नर्सबाई म्हणाल्या, "अहो, एक तर बसा, नाहीतर आत जा. मधेच काय घिरट्या घालताय?"

मी बसले. बसले आणि लगेच उठले. बाकड्याला जणू काटे होते. माझी डावी चप्पल चालताना चर्र चर्र वाजते, महिनाभर झाला वाजतेय. दुनियेचे कपडे मापात करून देते मी, पण स्वतःच्या चपलेला काही मुहूर्त लागत नाही. त्या लांबलचक पॅसेजमध्ये तो आवाज असा घुमत होता की येणारा-जाणारा माझ्या पायांकडेच बघायचा.

पॅसेजच्या टोकाला आईची खोली. दार अर्धं उघडं. मी दारापर्यंत जायचे, भिंतीला धरून थांबायचे आणि परत फिरायचे. आतून दिसणार नाही याची काळजी घेत. कालही हेच केलं होतं आणि न भेटता घरी गेले होते.

आई न्हाणीघरात घसरली आणि खुब्याचं हाड मोडलं. या वयात, त्यात हृदय नाजूक. डॉक्टर दादाशी बोलले तेव्हा बोलता बोलता त्यांनी चष्मा काढून हातात घेतला, तेव्हाच मला काय ते कळलं. आज चार वाजता तिला ऑपरेशनला नेणार होते. त्याआधी तिला मला बघायचं होतं. एवढंच मागणं होतं तिचं, आणि मला तेवढंही जमत नव्हतं.

दादा बाहेर आला. त्याचे डोळे तांबारले होते.

"काल आली नाहीस. आज आलीस तर इथे भुतासारखी उभी. आई दर पाच मिनिटांनी विचारतेय. काय सांगू तिला?"

"सांग, येतेय."

"केव्हा? पुढच्या जन्मी?"

"दादा, ओरडू नकोस. येते म्हटलं ना!"

तो कपाळावर हात मारून कागदांवर सह्या करायला खाली गेला. त्याला कारण सांगितलं असतं तर त्याने मला हाडांच्या वॉर्डातून उचलून थेट डोक्याच्या वॉर्डात भरती केलं असतं. कारण असं होतं की मी आत गेले तर आई मरेल. आणि हा नियम मीच बनवला होता.

आता नीट सांगते, नाहीतर तुम्हीही कपाळाला हात लावाल.

आमचा एक गट आहे. दहा-बारा जण, दादाच्या भाषेत रिकामटेकडे. आम्ही फोनवर लिहून खेळतो. आम्ही मिळून एक शहर रचलंय, सगळं मनातलं. प्रत्येकाचं त्यात एक पात्र. आपल्या पात्राने काय केलं ते आपण लिहायचं, मग पुढचा त्याच्या पात्राचं लिहितो. कुणी कुणाला चेहऱ्याने ओळखत नाही. माझी जीभ जरा चालते म्हणून मला सगळे कात्री म्हणतात. मी खरोखरच दिवसभर कात्री चालवते हे कुणाला माहीतही नाही.

मागच्या वर्षी शहरात नवा पंथ हवा होता, माणसांपलीकडच्या ताकदीचा. मी डबा खाता खाता रचला. एका हातात पोळी, दुसऱ्या हातात फोन. नाव ठेवलं उंबरठी. ही एकदा मरून परत आलेली माणसं. हातात विझलेला कंदील. आजारी माणसाच्या दारात उंबरठी उभा राहिला की मृत्यूला आत पाऊल टाकता येत नाही. सकाळ होईपर्यंत माणूस वाचतो. माझी स्वतःची उंबरठीण, थोरली, या पंथाची प्रमुख.

पण आमच्याकडे रीत आहे. कुठलीही शक्ती खोटेशिवाय मंजूर होत नाही. गटाचा पंच लगेच विचारतो, "खोट दाखवा." म्हणजे ही शक्ती कुठे तोंडावर आपटते ते सांगा, नाहीतर कुणीही उठेल आणि देव होऊन बसेल. मी तिथल्या तिथे लिहून टाकलं: उंबरठी स्वतःच्या माणसाच्या दारात उभा राहू शकत नाही. त्याने आपल्या माणसाचा उंबरा ओलांडला की त्याच्या पाठोपाठ मृत्यू आत येतो.

काय भाव खाल्ला मी त्या दिवशी! पंच म्हणाला, आजवरची सगळ्यात जबर खोट. मी दुपारभर शिट्टी वाजवत लोकांच्या पँटींच्या कंबरा सैल केल्या.

मग मामा आजारी पडला. साधा ताप, उतारही पडला होता. मी भेटायला गेले, दारात पाय ठेवताना मनात आलं, अरे, थोरलीला हे चाललं नसतं हं. स्वतःशीच हसले. मामाला मोसंबी सोलून दिली. दिवेलागणीला वहिनीचा फोन आला, मामा गेला.

मला कळतं हो. मामा म्हातारा होता, दम्याचा होता, कावळा बसायला आणि फांदी तुटायला एकच गाठ पडली. दुसरं कुणी मला हे सांगत आलं असतं तर मी त्याला उभं-आडवं सोललं असतं. पण कळणं वेगळं आणि आईच्या दारात पाय उचलणं वेगळं. पाय उचलतच नव्हता.

आणि मग मी जे केलं ते आमच्या गटातलंच माणूस करू जाणे. नियम खोटा आहे असं स्वतःला समजवायचं सोडून मी नियम बदलायला निघाले. भिंतीला टेकून पंचाला लिहिलं: उंबरठ्यांची खोट बदलायची आहे. आत्ता. तातडीचं आहे.

पंच कामावर असावा, पण उत्तर आलं. "आपली रीत माहीत आहे ना? जे खेळून झालं ते मागे घेता येत नाही. ज्याच्या पात्राने ती खोट भोगली त्याची परवानगी लागते. घुबडाला विचार."

घुबड! गटातला सगळ्यात खडूस माणूस. दोन शब्दांच्या वर बोलणार नाही, पण लिहायला बसला की भल्याभल्यांना रडवेल. त्याचा उंबरठी होता मुका. मुक्याची आई आजारी पडली, ती त्याला हाका मारत राहिली आणि मुका गल्लीतच उभा राहिला, कारण आत गेला असता तर ती मेली असती. ती तशीही मेली. घुबडाने ते कितीतरी आठवडे लिहिलं. मी दुकानात मशीनवर डोकं टेकून रडले होते, मालकीणबाईंना वाटलं सुई बोटात गेली.

मी त्याला वेगळं लिहिलं. "घुबडा, उंबरठ्यांची खोट काढायची आहे. हो म्हण."

"नाही."

"अरे, कारण तरी ऐक."

"नाही म्हटलं."

माझं टाळकं सटकलं. "खेळ आहे रे! कुणाच्या बापाचं काय जातं?"

"खेळ आहे तर बदलायला कशाला हवंय?"

पकडलं मला मेल्याने. आतून आईचा आवाज आला, बारीक, "अगं कोण आहे?" मी चर्र चर्र करत खिडकीपर्यंत गेले आणि सगळं लिहून काढलं. आई, खुबा, मामा, चार वाजता नेणार आहेत. वाचून तो हसेल, वेडी म्हणेल, म्हणू दे. घड्याळात साडेतीन होऊन गेले होते.

मग एकामागून एक उत्तरं आली.

"माझी आई अशीच होती. खोलीत. मी बाहेर."

"तेव्हा तुझा पंथ नव्हता. काही नियम नव्हता. मला बघवत नव्हतं म्हणून गेलो नाही. नुसत्या येरझाऱ्या घातल्या दारासमोर."

"ती गेली."

"मग तू ती खोट लिहिलीस. मुक्याला आत न जायला कारण मिळालं. चांगलं कारण. त्याने आईला वाचवायला म्हणून पाय आवरला."

"तू ती काढलीस तर मुका नुसताच भित्रा उरतो."

मी खिडकीच्या चौकटीवर बसले. कुणीतरी मुस्काटात मारल्यासारखं झालं. इतके महिने मला वाटत होतं, बाबा काय प्रतिभा आहे याची! आणि हा माणूस माझ्या दुपारच्या डब्यातून निघालेल्या नियमाला धरून कसाबसा उभा होता.

राग आला मला. त्याचा नाही, स्वतःचा. शिवणकामात आम्ही कपडा कापताना शिवणीला थोडं जास्तीचं कापड सोडतो, पुढेमागे उसवून सैल करता यावं म्हणून. नवशिक्या पोरीही सोडतात. मी तो नियम कापला तेव्हा बोटभरही सोडलं नव्हतं, कारण मला टाळ्या हव्या होत्या. आता त्याला उसवावं तर घुबड फाटणार, तसाच ठेवावा तर आई मला न बघताच ऑपरेशनला जाणार.

पॅसेजच्या त्या टोकाला लिफ्टचं दार उघडलं. दोन माणसं चाकांचा पलंग ढकलत येऊ लागली.

मी उठले. पुन्हा बसले. पुन्हा उठले. मग डोक्यात आलं की खोट उंबरठ्याला आहे. जो उंबरठी नाही त्याला नाही. पंथ सोडायचा नाही असं कुठे लिहिलंय? कुणी सोडला नाही, कारण पंथ सोडला की पात्रही सुटतं, आणि सोडलेलं पात्र आमच्या खेळात परत घेता येत नाही. संपलं ते कायमचं. थोरली तर माझ्या मनात पंथाच्याही आधीपासून होती, किती वर्षांची सोबत. बसमध्ये, मशीनवर, झोप येत नसली की तिच्याशीच बोलायचे.

मी गटात लिहिलं, दोनदा खोडून: "थोरलीने कंदील रस्त्यात ठेवला आणि पंथ सोडला. नियम आहे तसाच आहे. ती आता उंबरठीण नाही. तिला आईला भेटायला जायचंय."

फोन पर्समध्ये कोंबला आणि धावत सुटले. चर्र चर्र चर्र. नर्सबाई "अहो!" म्हणेपर्यंत मी आत होते. खोटं कशाला सांगू, उंबरा ओलांडताना मी डोळे मिटले होते आणि मागे कुणी आलं का ते बघायची छाती झाली नाही.

आई गादीवर एवढीशी दिसत होती. केस कुणीतरी घट्ट बांधून दिले होते, त्यामुळे कपाळ मोठं वाटत होतं.

"आलीस? आधी ही उशी वर कर. तुझ्या दादाला उशी ठेवायची अक्कल नाही. मान अवघडली माझी."

मी उशी वर केली. तिचा हात हातात घेतला आणि मला रडू फुटलं, अगदी भोकाड पसरलं म्हणा ना.

"आई, मी बाहेर होते गं. कालही होते. मला भीती वाटत होती."

"मग मला काय इथे मजा वाटत होती?"

"रागावलीस?"

"कशाला? मला माहीत होतं तू बाहेर आहेस. चपलेचा आवाज येत होता ना. काल पण येत होता. दादाला मी मुद्दाम विचारत होते, म्हटलं तो तरी तुला आत ढकलेल." तिने डोळे मिटले. "तो आवाज थांबला की काळजी वाटायची. म्हटलं, गेली की काय घरी. मग परत सुरू व्हायचा. मग मी पडून राहायचे."

चाकांचा पलंग दारात आला. त्या माणसांनी तिला चादरीसकट उचललं. "चप्पल दुरुस्त करून घे हो," ती म्हणाली, आणि नेलं तिला. दादा धावत आला, मला तिथे बघून त्याने माझ्या डोक्यावर हात ठेवला.

आम्ही दोघं ऑपरेशनच्या खोलीच्या मोठ्या दारासमोर बसलो. वर लाल दिवा लागला होता. आत काय चाललंय ते कळायला मार्ग नव्हता. माझं मन अजूनही सारखं मागे वळून बघत होतं, माझ्या पाठोपाठ काही आत गेलं का म्हणून. पाय थांबत नव्हते, बसल्या जागी हलत होते. पर्समध्ये फोन वाजला.

घुबड होता. त्याने गटातलं वाचलं होतं.

"आत गेलीस?"

"हो."

मग बराच वेळ तो लिहितोय असं दिसत राहिलं. लिहायचा, थांबायचा, परत लिहायचा. शेवटी एवढंच आलं: "रागावली होती का?"

माझी कात्री पहिल्यांदाच अडली. चुकीचा शब्द लागला तर माणूस उसवेल, असं वाटलं. मग म्हटलं, जे झालं ते सांगावं.

"नाही," मी लिहिलं. "तिला माहीत होतं मी बाहेर आहे. येरझाऱ्या घालताना चपलेचा आवाज आत जात होता. तो ऐकत पडून होती. म्हणाली, तो थांबला की काळजी वाटायची."

लाल दिवा तसाच होता. दादाने विचारलं, कुणाशी बोलतेस? मी म्हटलं, एका ओळखीच्याशी. फोन हातातच धरून बसले.

दादा चहा आणून देऊन गेला, तो गार झाला, तेव्हा कुठे उत्तर आलं.

"माझे बूट वाजायचे."