गुलाबी डब्याचं आणि माझं वैर

मित्रांनो, मी एक जुनी लोखंडी पेटी आहे. जुनी हे मी मानाने सांगते. गंजकी म्हणायचं काम घरच्या सुनेचं, सोनालीचं.

भागीरथीच्या लग्नात तिच्या बापाने मला धुळ्याच्या बाजारातून आणलं. तिचा नवरा सुकदेव सुरतेत कापड रंगवायच्या मिलमध्ये होता, म्हणून तिच्यासोबत मीही पांडेसऱ्याच्या खोलीत आले. लग्नाचं पातळ, पोरांची झबली, सगळं माझ्या पोटात. किल्ली भागीरथीच्या कमरेला! मला हात लावायची कोणाची छाती नव्हती.

मग आरशाचं कपाट आलं. माझ्यातले कपडे त्यात गेले, माझा जीव जळला. शेवटी सून सोनाली म्हणाली, "सोमवारी भंगारवाला येईल, ही पेटी देऊन टाकू."

त्याआधीच्या रविवारी नात ध्रुवीचा नववा वाढदिवस होता. सोनालीने खेळ मांडला. मुलांना खोलीत कोंडायचं आणि चिठ्ठ्या शोधत, कोडी सोडवत दाराची किल्ली मिळवायची. गादीखाली चिठ्ठी, कापडाच्या ताक्याच्या पुठ्ठ्याच्या नळीत चिठ्ठी. आणि दाराची किल्ली कुठे? एका नव्या गुलाबी डब्यात! त्याला आकड्यांचं कुलूप. चार आकडे जुळवले की कोणासाठीही उघडतो मेला. ना किल्ली, ना इज्जत!

भागीरथी माझ्यावर बसून गंमत बघत होती. शेवटच्या चिठ्ठीत लिहिलं होतं, 'आजीचा वाढदिवस.'

ध्रुवीने विचारलं, "आजी, तुझा वाढदिवस कधी?"

"मना जनम आखाजीले व्हयना, पोरी."

मुलांनी कॅलेंडरवर अक्षय्य तृतीयेची तारीख पाहिली, आकडे फिरवले. डबा ढिम्म. मागच्या वर्षीचीही लावली. ध्रुवीची गुजराती मैत्रीण ओरडली, "आंटी, खुलतुं नथी!" मी आत सुखावले.

खेळाची वेळ संपली तशी बाहेर उभी सोनाली खिडकीतून म्हणाली, "अगं, एक जून! आईंच्या आधार कार्डावर आहे की."

"ते मास्तरनी लिखं व्हतं!" भागीरथी उसळली. "वर्गात समदासना एक जून. मना घरमा मना जनम खोटा?"

ध्रुवीचे डोळे भरले. हरलो, म्हणाली.

एक जूनचे आकडे लावून भागीरथीने गुलाबी डब्यातली दाराची किल्ली काढली, माझ्या पोटात टाकली आणि कपाट आल्यापासून नुसतं लटकलेलं माझं कुलूप दाबलं. "आते खेळा. आखाजीले जलमेल बाईनी कमर शोधा."

मुलं हसत तिच्या कमरेला झोंबली. माझी किल्ली मिळाली, पण कुलपात फिरेना. किती वर्षांचा गंज, आणि खरं सांगू, थोडा रागही.

खिडकीतून सोनालीची हातोडी आत आली. "तोडून टाका आई, नाहीतर केक वितळेल."

भागीरथीने हातोडी बाजूला सारली, आपल्या तेल चोपडलेल्या केसांवर बोट फिरवलं आणि तेच तेल कुलपात लावलं. "उघड ना माय," हळूच म्हणाली. बापाच्या घरची मी एकटीच तिच्याजवळ उरले होते. माझा राग तिथेच गळाला. खट्ट!

सोमवारी भंगारवाला आला आणि रिकाम्या हाताने गेला. ध्रुवी माझ्यावरच बसली होती.

गुलाबी डबा अजून फळीवर आहे. तो मला आजही बघवत नाही. पण मित्रांनो, जुन्या कुलपावर हातोडी उगारण्याआधी तेलाचं एक बोट लावून बघा. आणि आजीचा वाढदिवस कागदाला नाही, आजीला विचारा.