सूनबाईच्या हाती कारभार

फोन थरथरला तसा मालकीणबाईंनी हात पुढे केला आणि तसाच टेबलाखाली मागे घेतला. फोन एका फूल व्यापाऱ्याचा होता. समोर कंपनी विकत घ्यायला आलेले साहेब बसले होते.

“घ्या ना,” साहेब म्हणाले.

“नको. बघतील तिकडे.”

गेल्या वर्षी याच खोलीत साहेबांनी सौदा मोडला होता. “कंपनी कुठेय? कंपनी म्हणजे तुम्हीच. उद्या तुम्ही अंथरूण धरलंत तर मी काय विकत घेतलं?” असं म्हणून ते उठून गेले होते. बाईंना ते झोंबलं, कारण ते खरं होतं. कोल्ड रूम दुरुस्त करणारी त्यांची कंपनी. कुठलं यंत्र कधी रुसतं, हे फक्त त्यांच्या डोक्यात. त्यांनी एआयची यंत्रणा बसवली आणि रोज सकाळी तिच्यासमोर बसून डोक्यातलं सगळं तिच्या स्वाधीन केलं. सुरुवातीला तिने मेकॅनिकला भलत्याच टोकाला पाठवलं, नको ते सुटे भाग मागवले. मग रुळली. तक्रारी घेणं, माणसं पाठवणं, सगळं तिच्याकडे गेलं. नव्या सुनेने घराच्या चाव्या कमरेला लावाव्यात तसा कारभार हाती घेतला, म्हणून कामगार तिला ‘सूनबाई’ म्हणू लागले.

फोन पुन्हा थरथरला. टेबलाखाली बाईंची बोटं एकमेकांत घट्ट अडकली. मग त्यांनी लॅपटॉप साहेबांकडे फिरवला. व्यापाऱ्याच्या कोल्ड रूमचं तापमान चढताना सूनबाईने त्याच्या आधीच पाहिलं होतं. जवळचा मेकॅनिक यंत्राचा नवा पंखा घेऊन पोहोचलाही होता. पडद्यावरचा आकडा हळूहळू उतरू लागला.

थोड्या वेळाने फोनवर निरोप आला. बाईंनी तो साहेबांपुढे धरला.

“‘फुलं वाचली,’” साहेबांनी मोठ्याने वाचलं. “‘पण तुम्ही फोन का उचलत नाही? बऱ्या आहात ना?’”

साहेब खुर्चीत मागे रेलले. “तर मग गेल्या वर्षीच्या किमतीला—”

“ती गेल्या वर्षीच गेली. आता दुप्पट. आणि माझं एकही माणूस कमी करायचं नाही, हे लिहून द्यायचं.”

साहेबांनी लॅपटॉपकडे पाहिलं, मग हसून हात जोडले. “कबूल. पण दोन वर्षं सल्लागार म्हणून राहा.”

“मी कशाला? सूनबाई आहे की!”

सह्या करून त्या बाहेर आल्या तेव्हा ऊन डोक्यावर होतं. अशी भरदुपार त्यांनी रस्त्यावर कित्येक वर्षांत पाहिली नव्हती. त्या जवळजवळ पळतच घरी निघाल्या.

नवऱ्याने दार उघडलं. हाताला भाजी लागलेली होती.

“बरं नाही का?”

“विकली! दुप्पट किंमत आली!”

तो दारातच मोठ्याने हसला, त्यांना आत घेऊन गेला आणि दुसरं ताट मांडलं. पहिल्याच घासाला बाई थांबल्या.

“मीठ घालायला विसरलास?”

“डॉक्टरांनी मला कमी करायला सांगितलंय.”

“कधी?”

“झाली असतील दोन वर्षं.”

बाईंनी मान खाली घालून घास चावला, गिळला. मग ताट पुढे केलं.

“वाढ अजून,” त्या म्हणाल्या. “आणि पुढच्या वेळी डॉक्टरांकडे जाशील, तेव्हा मी येणार.”