बुजवलेला दरवाजा

या, जवळ सरकून बसा. टाळ मांडीवर राहू देत, वाजवू मात्र नका. नामाला बसण्याआधी आज एका घराची गोष्ट सांगायची आहे, आणि ती गोड नाही.

तोंडवलीकडच्या एका वाडीत देवळाचा सभामंडप माणसांनी नुसता भरून वाहत होता. एरवी कीर्तनाला दोन रांगा भरायची मारामार. त्या दिवशी बायका पायऱ्यांवर बसल्या होत्या. गाभाऱ्याकडे पाठ करून सगळे बघत होते एका पांढऱ्या चादरीकडे. चादरीवर यंत्राने पाडलेला वाडीचा नकाशा, नकाशावर लाल ठिपके, आणि शेजारी रेशमी कुर्त्यात, हातात काठी घेऊन, वास्तुमहाराज.

"मी ज्योतिषी नव्हे," महाराज म्हणाले. "मी आकड्यांचा माणूस. तुमच्या वाडीत अलीकडे जी घरं बांधली गेली, त्यांची वैशिष्ट्ये मी तपासली. ओटा कुठे, संडास कुठे, दार कुठे. हा एकेक ठिपका म्हणजे ज्या नव्या घरात माणूस दगावला ते घर. यातल्या शंभर टक्के घरांचं दार दक्षिणेला. नव्वद नाही, शंभर. हे मी म्हणत नाही, आकडे म्हणतात."

तुळसाच्या हातातली ओटी तशीच राहिली. तिच्या नव्या घराचं दारही दक्षिणेलाच होतं.

तुळसाचा नवरा दत्ताराम मुंबईच्या गोदीतून निवृत्त होऊन आला आणि त्याने रस्त्याकडेला चिरेबंदी घर बांधलं. समोरच्या खोलीत दाराकडे तोंड करून खुर्ची टाकायची, खाडीवरचा वारा खायचा आणि जाणाऱ्या-येणाऱ्याला हाक मारायची, एवढीच त्याची चैन. छातीचं दुखणं होतं. कळ आली तर लगेच घेऊन या, असं मालवणच्या डॉक्टरांनी बजावलं होतं. मंडपातून घरी येताच तुळसाने दक्षिणेचं दार बुजवायचा हट्ट धरला.

"अगो, रस्तो दक्षिणेक," दत्ताराम हसला. "दरवाजो उत्तरेक ठेवलो तर पावणो विहिरीत पडतलो."

"हसा. शंभर टक्के म्हणालो तो."

"म्हणान काय वारो बंद करू?"

तुळसा जेवेना. तिला नवऱ्याची हौस मोडायची नव्हती; तिला नवरा हवा होता. शेवटी तोच म्हणाला, "बुजव बाये, तुझ्या जीवाक बरा वाटता तर."

महाराजांनी मुहूर्त दिला. दाराच्या चौकटीत चिरे रचले गेले. तुळसाने गवंड्याला उभं राहून बजावलं, सिमेंटात कसर करू नको. आता वावर मागच्या दारानेच. तिथून रस्त्यावर यायला घर आणि शेजाऱ्याच्या कुंपणाचा दगडी गडगा यांच्यामधून एक माणूस आडवा होऊन जाईल इतकीच बोळ. दत्तारामाने मात्र खुर्ची हलवली नाही. तो भिंतीकडे बघत बसायचा.

आणि एका सकाळी त्याच खुर्चीत त्याला कळ आली.

रिक्षा धावत आली, नेमकी बुजवलेल्या दारासमोर थांबली. दत्ताराम तिच्यापासून चार हातांवर होता, मध्ये भिंत. शेजारचा जितेंद्र आणि आणखी दोघे त्याला खुर्चीसकट मागून काढू लागले. खुर्ची बोळात अडकली. उचलावं तर कोपर गडग्याला घासे, मागे घ्यावं तर दाराला. कोणी पहार आणून समोरची भिंत फोडू लागला. भिंत दाद देईना. सिमेंटात कसर नव्हती. रिक्षावाला हॉर्न वाजवत होता, आणि दत्ताराम तो ऐकत होता. हॉर्न थांबला तेव्हा घाई उरली नव्हती.

तेराव्यानंतर महाराज परत आले. वाडीला वाटलं, सांत्वनाला आले. त्यांनी चादर टांगली. नकाशावर एक ठिपका वाढला होता.

"दार बुजवायला उशीर केलात," महाराज तुळसाकडे बघून म्हणाले. "घराने आपला घास आधीच मोजून ठेवला होता. मंडळी, अजूनही शंभर टक्के."

तुळसा त्या ठिपक्याकडे बघत राहिली. तिच्या शेजारी बसलेली किशोरी उठली. ही दत्तारामाची पुतणी, वेंगुर्ल्याच्या शाळेत गणित शिकवते.

"महाराज, एक विचारू? ज्या नव्या घरांत कोणी मेलं नाही, ती नकाशावर का नाहीत?"

"त्यांचा इथे काय संबंध?"

"बघूया." ती वळली. "नव्या घरातल्यांनी हात वर करा. आता दार दक्षिणेला आहे, किंवा बुजवण्याआधी होतं, त्यांनी हात तसाच ठेवा."

एकही हात खाली आला नाही.

"उत्तरेचा दरवाजा कोणाचा?"

"खंयसून असतलो गो?" मागून भिकाजी म्हणाला. "रस्त्याच्या पलीकडे खाडी. सगळी नवी घरां अलीकडे. दार रस्त्याकच ठेवतलंव ना."

"म्हणजे उत्तरेच्या दाराचं घरच नाही, तर त्यात मरणार कोण? शंभर टक्के मेलेल्यांचं दार दक्षिणेला, आणि शंभर टक्के जित्यांचंही. टीव्हीसुद्धा शंभर टक्के घरांत आहे. उद्या तोही बुजवायचा? आणि इथे नवं घर बांधतो कोण, भिकाजीकाका?"

"पेन्शन घेवन इलेलो."

"साठीत घर बांधलेला माणूस सत्तरीत गेला, तर त्याला दार कशाला जबाबदार? वरच्या जुन्या घरांची दारं पूर्वेला. त्या घरांत कोणी मेलंच नाही?"

"माझी सासू, सासरो, दीर," काशीबाई बोटांवर मोजत म्हणाली. "पूर्वेच्याच दारान गेली सगळी."

महाराज गोड हसले. "जे आज हात वर करतायत, त्यांची वेळ यायची आहे."

"ती तुमचीही यायची आहे," किशोरी म्हणाली. "तुमचं दार कुठे?"

मंडप हसला. महाराज मात्र काठी बाजूला ठेवून चादरीच्या घड्या घालू लागले.

तुळसा हसली नाही. तिने किशोरीचा पदर धरला. "मगे माझो घो कशान मेलो गो?"

किशोरीला खोटं बोलता आलं असतं. ती बोलली नाही. "काळजान, काकी. वेळार पोचलो असतो, तर कदाचित वाचलो असतो."

"भिंत मीच घालूक लावलंय."

महाराजांच्या गाडीला वाट मिळाली. तिच्या आड कोणी आलं नाही. आज ते दुसऱ्या गावात चादर टांगतात आणि त्या नकाशात दत्तारामाचा ठिपका पुरावा म्हणून दाखवतात. वाडीतल्या चार-दोन घरांची दारं अजून बुजलेलीच आहेत. असू दे बापडं, म्हणतात.

मंडळी, देवाला चारी दिशा सारख्या. त्याला भिंत आड येत नाही, माणसाला येते. कोणी तुम्हाला आकडे दाखवून भिववू लागला, तर देवाची आण, एवढंच विचारा: जे मोजले नाहीत, ते कुठे आहेत? आणि तिन्हीसांजेला उंबऱ्यावर दिवा ठेवाल, दार उघडं असेल, वारा आत येत असेल, तेव्हा भिंतीकडे तोंड करून बसलेल्या दत्तारामाची आठवण ठेवा.