धोंडप्पाचे विलायती उंदीर

माझे सासरे धोंडप्पा कापडवाले. मुरुमच्या बाजारपेठेत त्यांच्या नावाची म्हणच पडली होती. कुणी काही कबूल केलं आणि समोरच्यानं शंका काढली, की पहिला म्हणायचा, "धोंडप्पाचा शब्द समज." मग पुढं विचारायचं काही उरत नसे. त्या घरची सून म्हणून मला या म्हणीचा भारी तोरा होता, आणि तो मी कधी लपवला नाही. पाणवठ्यावर बायका म्हणायच्या, शांतम्माची घागर भरलेली असो की रिकामी, मान तेवढीच ताठ असते. खरं होतं ते.

त्यांना सगळे अप्पा म्हणत, मीही अप्पाच म्हणायची. मी या घरात यायच्या आधी त्यांची एकुलती एक लेक, नागम्मा, तेराव्या वर्षी बाळंतपणात गेली. तेव्हा पोरींची लग्नं परकर नेसायच्या वयात होत आणि वर्षा-दोन वर्षांत त्या बाळंतीण होत. कुणाला त्यात वावगं वाटत नसे. अप्पांना वाटलं. त्यांनी गळ्यातलं इष्टलिंग हातात घेऊन नेम केला, की माझ्या घरात कच्च्या वयात कुणीही आई होणार नाही. मी अकराव्या वर्षी सून होऊन आले आणि पुढची सात वर्षं सासूबाईंच्या, म्हणजे अव्वांच्या, शेजारी झोपले. आमचे मालक बसवराज दुकानाच्या माळ्यावर. लोक तोंडावर विचारत, "धोंडप्पा, सून आणलीस का पाहुणी?" अप्पा कापड मोजता मोजता म्हणत, "पाहुणी. तुमच्या घरात हायेत का अशा?" एकोणिसाव्या वर्षी मला मुलगा झाला आणि चौथ्या दिवशी मी चुलीपुढं बसायचा हट्ट धरला. माझ्या वयाच्या निम्म्या मैत्रिणी तोवर मातीआड झाल्या होत्या. अप्पांचा मला अभिमान का, हे आता वेगळं सांगायला नको.

तर हे अप्पा सोलापूरच्या गड्ड्याच्या जत्रेहून एका संक्रांतीला तीन विलायती उंदीर घेऊन आले. दुसऱ्या मोठ्या लढाईचं शेवटचं वर्ष होतं ते. आता माझी नात त्यांना गिनीपिग म्हणते, पण आमच्यासाठी ते विलायती उंदीर. दोन माद्या, एक नर, दीड-दोन महिन्यांची पिल्लं, तांबूस-पांढरी, मुठीत मावतील एवढी. का आणले, हे त्यांनाही सांगता येईना. "एकीनं माझं बोट हुंगलं," एवढंच म्हणाले. अव्वांनी टोपलीत डोकावून पाहिलं आणि कपाळावर हात मारला.

"शेपूट न्हाय तो उंदीर कसला? गणपती बसला तर मागनं घसरून पडंल की!"

पण अव्वांनीच त्यांची नावं ठेवली. गौरी, पार्वती आणि नंदी. पार्वतीची पारू झाली. मी सकाळी भाजी चिरायला बसले, की विळीचा आवाज ऐकून तिघंही अशी शीळ घालत, की रस्त्यावरचा माणूस थबकायचा. महिन्याभरात बाजाराला आलेली माणसं कापड घ्यायच्या निमित्तानं उंदीर बघायला येऊ लागली. अख्ख्या तालुक्यात असलं जनावर कुणाकडं नव्हतं.

अप्पांनी पहिल्याच दिवशी नंदीला वेगळ्या खोक्यात ठेवलं. मालक हसले.

"अप्पा, जनावर हाय ते. जनावराला कसलं कच्चं आन पक्कं वय?"

"माझ्या घरात हाय न्हवं? मग माझा नेम त्यांनाबी," अप्पा म्हणाले. "अंगानं भरू द्या. वरीस होऊ द्या. मग बघू."

विकणाऱ्यानं एवढंच सांगितलं होतं, की हिरवा पाला द्या आणि थंडीपासून जपा. वयाचं त्यानं काही सांगितलं नाही, आम्हीही विचारलं नाही. विचारायचं कशाला, आमच्या घरात नेम होता! मी पाणवठ्यावर जाऊन फुशारकी मारली. म्हटलं, "तुमच्या घरात लेकींना जी दया मिळत न्हाय, ती आमच्यात उंदरांनाबी मिळती." दोघीतिघींनी नाकं मुरडली. मला गुदगुल्या झाल्या.

वर्ष झालं. दुसऱ्या संक्रांतीला अव्वांनी गौरीच्या कपाळाला हळदीचं बोट लावलं आणि तिला नंदीच्या खोक्यात सोडलं. शिवरात्रीच्या सुमाराला तिचं पोट दोन्ही बाजूंनी फुगलेलं दिसू लागलं. त्याच वेळी निजाम सरकारचे तहसीलदारसाहेब दौऱ्यावर आले. त्यांच्याबरोबर त्यांची सात-आठ वर्षांची मुलगी होती. तिनं गौरीला मांडीवर घेतलं आणि ती खाली ठेवीच ना. तहसीलदार भला माणूस होता, मागायला संकोचला. अप्पाच म्हणाले, "साहेब, पहिल्या विणीतली जोडी छोट्या बाईसाहेबांची."

"पक्का?" साहेबांनी हसून विचारलं.

दुकानासमोर उभे असलेले दहा-बारा जण एका सुरात ओरडले, "धोंडप्पाचा शब्द!"

पाडव्याच्या आठवड्यात, बाजारच्या दिवशी सकाळी, गौरी कळा देऊ लागली. दोन तास गेले, पिलू येईना. ती शीळ घालत नव्हती, नुसती दात कराकरा वाजवत होती. अप्पा दुकानात गिऱ्हाइकांत अडकले होते. बाजारात बैल तपासायला तालुक्याहून सालोत्री, म्हणजे जनावरांचा डॉक्टर, यायचा. मी त्याला बोलावणं पाठवलं. त्यानं गौरीला माझ्या ओच्यात उताणी धरायला लावलं, बोटानं चाचपलं आणि विचारलं, "हिचं वय किती? आधी कधी व्याली होती?"

मी मोठ्या दिमाखात सांगितलं, "सोळा म्हैने. पयलीच वीण. आमी वरीसभर नर जवळ येऊ दिला न्हाय."

त्यानं मान हलवली. हैदराबादला शिकत असताना औषधांच्या कामासाठी पाळलेली अशी शेकडो जनावरं त्यानं सांभाळली होती. तो म्हणाला, "बाई, ह्या जनावराचं माणसासारखं नसतं. पहिली वीण सहा-सात महिन्यांच्या आत झाली, तर मादीचं पुढचं हाड ढिलं राहतं, पिलाला वाट देतं. त्यापुढं ते हाड जुळून घट्ट होतं. मग वाटच राहत नाही. हिचं बंद झालंय. हिला आता कुणी वाचवू शकत नाही."

"आन वेळेवर सोडली असती तर?"

"तरी कितीतरी माद्या विणीत दगावतात. पिल्लं मोठी असतात ना पोटात. ज्याला ह्याची जाण नाही, त्यानं हौसेपायी ह्यांची वीण करूच नये. नुसतं पाळावं."

दुपार व्हायच्या आत गौरी माझ्या ओच्यातच गेली. तिच्या पोटात तीन पिल्लं होती. मी रडले, आणि रडता रडता मला पाणवठ्यावरची माझी फुशारकी आठवून स्वतःची लाज वाटली.

अप्पांना मी एवढंच सांगितलं, की अडली आणि गेली. त्यांनी परसात लिंबाखाली तिला पुरलं, वर विभूती टाकली. दिवसभर जेवले नाहीत. पण दुसऱ्या दिवशी तहसीलदारांचा निरोप आला, की पुढच्या बाजारी येतोय, मुलगी रोज विचारते. अप्पांनी उलट निरोप धाडला, की थोडा उशीर होईल, पण जोडी मिळेल. आणि अव्वांना म्हणाले, "सोमवारी पारूला नंदीजवळ सोडा."

पारू गौरीच्याच वयाची. तिलाही कधी नर दाखवला नव्हता.

सोमवारपर्यंत तीन दिवस होते. मी दोन दिवस गप्प राहिले, हे आधीच कबूल करते. सालोत्रीचं बोलणं अप्पांना सांगायचं, म्हणजे तुमच्या नेमानंच गौरीला मारलं, असं सांगायचं. तो नेम म्हणजे त्यांची नागम्मा. तो नेम म्हणजे माझी सात वर्षं. ज्या दयेवर मी जगले तिचीच चूक मी कोणत्या तोंडानं दाखवू? पण पारू रोज सकाळी विळीचा आवाज ऐकून शीळ घालायची, एकटीच. रविवारी सकाळी मी विळी तशीच टाकली आणि अप्पांची पूजा आटोपायची वाट बघत चौकटीशी उभी राहिले.

सगळं सांगितलं. हाड, महिने, पिल्लं. अप्पा ऐकत राहिले. मग त्यांनी विचारलं, "म्हंजी माझ्या नेमानं मारलं तिला?"

मला खोटं बोलता आलं असतं. "व्हय, अप्पा," मी म्हणाले. "माणसाला तारणारा नेम हाय तो. तिला लागू न्हवता. आपण विचारलं न्हाय कुणाला."

त्यांच्या डोळ्यांतून पाणी आलं आणि कपाळावरच्या विभूतीच्या पट्ट्यांवर टेकलेला हात तसाच राहिला. मी त्यांना तसं कधी पाहिलं नव्हतं. मला वाटलं, मी घरात आग लावली.

जेवणाच्या वेळी मालकांनी तोड काढली. कंट्रोलच्या, म्हणजे सरकारी दरानं मिळणाऱ्या, कापडाचा परवाना तहसीलदारांच्या हातात होता, तो गेला तर दुकानात नुसती गादी उरली असती. ते म्हणाले, "पारू आन नंदी दोघंबी देऊन टाकू. जोडी कबूल केली व्हती, जोडी दिली. पुढं तिथं काय व्हईल ते व्हईल. आपला शब्द राहिला, आपलं हात साफ."

अव्वांनाही ते पटलं. खरं सांगू, क्षणभर मलाही पटलं.

अप्पांनी ताटातला हात काढला. "तिथं गेल्यावर ते लेकरू दोघांना एकाच खोक्यात ठेवंल. तीन म्हैन्यात पारू मरंल. मारली कुणी म्हणायचं, त्या लेकरानं?"



उशिराचा निरोप मिळूनही मुलीच्या हट्टापायी बाजारच्या दिवशी तहसीलदारसाहेब आले. चपराशाच्या हातात वेताची नवी पेटी होती, आत गवत अंथरलेलं. दुकानापुढं माणसांची दाटी झाली, कारण धोंडप्पा साहेबांना काय देतो ते सगळ्यांना बघायचं होतं. मी आतल्या दाराआड उभी होते. बाजारच्या दिवशी घरच्या सुनेनं दुकानाच्या अंगाला यायचं नाही, ही आमच्या पेठेची रीत.

अप्पा गादीवरून उठून उभे राहिले. एरवी ते कुणासाठी उठत नसत.

"साहेब, म्या शब्द दिला व्हता. त्यो म्या मोडतोय."

साहेबांना आधी मस्करी वाटली. "क्या बात करते, धोंडप्पा सेठ! तुम्हारा लफ्ज?"

"लफ्ज माझा हाय साहेब, जीव तिचा हाय." मग त्यांनी सगळं सांगितलं, भर बाजारात, मोठ्या आवाजात. गौरीचं विणीचं वय ओलांडलं होतं. मला ठाऊक नव्हतं. मी कुणाला विचारलं नाही. एक माझ्या हातानं मेली. दुसरीला मी नराजवळ सोडणार नाही, कुणाला सोडूही देणार नाही. नंदी एकटा हवा असेल तर आत्ता घेऊन जा, लेकराला खेळायला. परवान्याचं जे करायचं ते करा, माझी तक्रार नाही.

साहेब चपराशाकडं वळले. म्हणाले, "वो नर ले लो, बच्ची के लिए." नंदी पेटीत गेला. परवान्याबद्दल ते चकार शब्द बोलले नाहीत. ते काय करतील हे त्या घडीला कुणालाच कळलं नाही. टांगा वळला आणि धुरळा खाली बसायच्या आत धान्याचा एक अडत्या पलीकडच्या ओट्यावरून ओरडला, "ऐकलं का रं? मोडला! धोंडप्पाचा शब्द मोडला! ते बी उंदरापायी!"

माणसं खो खो हसली. चाळीस वर्षांची म्हण एका दमात वाऱ्यावर गेली. अप्पा गादीपाशी तसेच उभे होते, खाली बसले नाहीत आणि मानही त्यांनी खाली घातली नाही.

माझं डोकं भडकलं. या लोकांनी शब्द पाळून काय काय केलं होतं, मला ठाऊक होतं. शब्द दिला म्हणून नऊ वर्षांची पोर पन्नास वर्षांच्या म्हाताऱ्याला देणारे तिथं उभे होते, आणि ते हसत होते. मी डोक्यावरचा पदर नीट केला, दार उघडलं आणि दुकानातून सरळ ओट्यावर आले. हसणं जागच्या जागी थांबलं. मालक "अगं, अगं" करत उठले. मी त्यांच्याकडं पाहिलंही नाही. भर बाजारापुढं अप्पांच्या पायांवर डोकं ठेवलं.

"शरणार्थ, अप्पा," आमच्यात थोरांच्या पाया पडताना म्हणतात तसं मी म्हणाले. मोठ्यानं म्हणाले, पलीकडच्या ओट्यापर्यंत जाईल असं.

अप्पांनी मला उठवलं.

"आत जा, पोरी. बाजार बघतोय."

"बघू द्या," मी म्हणाले, आणि त्यांच्या शेजारी उभी राहिले.