मशीनवर फोडलेला नारळ

नारळ फोडायला आमच्या विभागाला निमित्त पुरतं. नवा संगणक आला, नारळ. पाण्याचा कूलर दुरुस्त होऊन परत आला, नारळ. आम्ही भूशास्त्राची माणसं, पृथ्वीचं वय कोटींमध्ये सांगतो, पण नव्या यंत्राचा प्लग लावायचा तर आधी हळदीकुंकू. मला त्याचं कधी वावडं नव्हतं. गंगापूरला वडिलांनी ट्रॅक्टर आणला तेव्हा ताट घेऊन मीच पुढं होते. तेव्हा हे सांगतेय ते नारळाच्या रागानं नाही. राग आहे तो अभय सरांवर, आणि तो लपवायची मला काही गरज वाटत नाही.

अभय सर माझे पीएचडीचे मार्गदर्शक आणि आमचे विभागप्रमुख. तरुणपणी त्यांनी पूर्वेकडच्या एका कोळशाच्या खोऱ्यावर काम केलं होतं. तिथं जमीन आधी ताणली गेली, भेगा पडून मधला भाग खचला आणि नद्यांनी गाळ आणून त्यात थरावर थर भरले. पुढं तीच जमीन बाजूंनी दाबली गेली आणि खचलेलं पुन्हा वर आलं. इथवर कुणाचा वाद नाही. सरांचं म्हणणं असं की दाब आल्यावर जमिनीला नव्या भेगा पडल्या. या एका म्हणण्यावर त्यांची अख्खी कारकीर्द उभी आहे, मानसन्मान, शाली, सगळं. मला मात्र नकाशे बघताना वाटत आलं की नव्या भेगा फारशा पडल्याच नसाव्यात. ज्या जुन्या भेगांवरून जमीन खाली गेली, त्यांच्यावरूनच ती वर सरकली.

हे तपासायचं तर कोट्यवधी वर्षांचं काम टेबलावर करून बघावं लागतं. त्यासाठी लोखंडी टेबलावर पक्की बसवलेली काचेची पेटी असते. तिची एक भिंत मोटरवर सरकते, इतकी हळू की चहा पिऊन परत आलं तरी फरक कळत नाही. तळाशी चिकट सिलिकॉनचा थर आणि वर रंगवलेली कोरडी वाळू, चाळणीनं एकेक थर चाळत घातलेली. भिंत मागं ओढली की मधली वाळू खचते. त्या खड्ड्यात गाळ म्हणून नवी वाळू भरायची, मग भिंत पुढं ढकलायची. पंखा लावायचा नाही, वरचा थर उडतो. संभाजीनगरच्या एप्रिलमध्ये पंखा बंद ठेवून वाळू चाळणाऱ्या बाईला कुणी डॉक्टरेट तशीच द्यायला हरकत नव्हती.

काचेतून जे दिसतं त्यावर विसंबता येत नाही, कारण कडेची वाळू काचेला घासते आणि वेगळी वागते. खरं काय झालं ते पोटात असतं. म्हणून शेवटी मॉडेलवर थेंबथेंब पाणी सोडायचं, ते मुरू द्यायचं आणि ओल्या वाळूचे पाटवडीसारखे काप काढायचे. तोपर्यंत वाळू सुटी असते. टेबलाला जोराचा धक्का बसला की आतलं सगळं विस्कटलं. हे मला सरांनीच शिकवलं. शेजारच्या वर्कशॉपमध्ये घण चालू असला तर प्रयोग थांबवायचा, हा नियमही त्यांचाच.

माझं पहिलं मॉडेल वीज गेल्यानं फुकट गेलं, दुसरं मोटरचा पट्टा तुटून. तिसरं मात्र पार पडलं. परदेशातून येणारं सिलिकॉन त्यात संपलं आणि माझ्या नोंदणीच्या मुदतवाढीही संपल्या होत्या. महिनाअखेर प्रबंध द्यायचा, नाहीतर नाव कटणार. आई रोज फोनवर विचारायची, "दीपमाला, कदी व्हणार गं तुझं? लोकं लई इचारत्यात." मी म्हणायचे, काप निघाले की झालं.

मी पाण्याची बाटली टांगत होते तेवढ्यात सर आले. पेटीपुढं वाकून बराच वेळ बघत राहिले. काचेतूनही अंदाज येत होता, खालचे थर जुन्या भेगांवरूनच वर उचलले गेल्यासारखे दिसत होते. ते मला दिसलं तसं त्यांनाही दिसलं असणार.

"छान झालंय," ते म्हणाले. "पण आज पाणी सोडू नकोस. उद्या पाहुणे येतायत, प्रयोगशाळेचं उद्घाटन करून घेऊ. चिखल काय दाखवायचा त्यांना?"

प्रयोगशाळा कित्येक वर्षं चालू होती, पण उद्घाटन झालं नव्हतं हे खरं. एका दिवसानं काय बिघडतं, असं मला वाटलं. मी बाटली उतरवली.

दुसऱ्या दिवशी आमचे शिपाई कडुबा मामा सकाळपासून तयारीला लागले होते. नारळ फोडायला त्यांनी उंबऱ्याबाहेर एक धोंडा धुऊन ठेवला होता. पाहुणे आले, हार झाले. प्रमुख पाहुणे नारळ घेऊन दाराकडं वळले तशी सरांनी त्यांचा हात धरला.

"तिकडं कशाला? मशीनचा नारळ मशीनवरच फुटला पाहिजे."

"सर, नको!" मी म्हणाले. "टेबलाला धक्का बसेल."

"अगं, लोखंड आहे ते," सर हसून म्हणाले. मग त्यांनी पाहुण्यांना बोट ठेवून जागा दाखवली. काचेच्या पेटीखाली, टेबलाच्या कोपऱ्यावर.

पहिल्या ठोक्याला नारळ फुटला नाही. दुसऱ्यालाही नाही. पाहुण्यांना जोर चढला, लोक हसायला लागले, कुणी म्हणालं, घाला साहेब, घाला. अंगावर पाणी उडू नये म्हणून सगळ्यांचे डोळे नारळावर होते. सर तेवढे काचेकडं बघत होते. तिसऱ्या ठोक्याला नारळ फुटला आणि टाळ्या पडल्या. माझ्या मॉडेलचा मधला उंचवटा बसला होता.

"सर, मॉडेल गेलं," मी सगळ्यांसमोर म्हणाले.

"शुभ कार्यात असं बोलू नये," म्हणत त्यांनी माझ्या हातात खोबरं ठेवलं.

मार्गदर्शकानं प्रयोग मोडला अशी तक्रार करता येते. मार्गदर्शकानं नारळ फोडला अशी कुठं करायची? पाहुणे गेल्यावर कडुबा मामा जवळ आले. "म्याडम, म्या तर भाईर धोंडा ठिवला व्हता. सायबाला ठावं व्हतं की." मी हातातलं खोबरं त्यांना देऊन टाकलं. त्या भल्या माणसासमोर मला रडायचं नव्हतं.

तरी मी पाणी सोडलं आणि पुढच्या सकाळी काप काढले. अगदी तळाशी, सिलिकॉनला लागून, एक जुनी भेग उलटी सरकलेली स्पष्ट होती. बोटाच्या पेराएवढी. तेवढंच वाचलं होतं, आणि तेवढ्यावर कुठला परीक्षक विश्वास ठेवणार? वरचे थर ठोक्यांनी तडकले होते, उभ्या सरळ ताज्या भेगा पडल्या होत्या.

सर विभागाचा मोठा कॅमेरा गळ्यात अडकवूनच आले. "बघ!" ते म्हणाले. "नव्या भेगा. मी काय म्हणत होतो?"

"सर, ह्या नारळाच्या भेगा आहेत."

"असं प्रबंधात लिहिणार आहेस? प्रयोगाच्या पद्धतीत? वाळू, सिलिकॉन, नारळ?" ते मनापासून हसले, मग समजुतीनं बोलायला लागले. "फोटो चांगले येतील. निष्कर्ष तेवढा बदल. शुक्रवारी प्रबंधावर सही करतो. शोधनिबंधात तुझंच नाव पहिलं घालू. अगं, घरच्यांचा तरी विचार कर."

घरच्यांचा विचार मी केला. खोटं कशाला बोलू, चांगला मिनिटभर केला. आई दारात उभी राहून गल्लीभर सांगेल, माझी लेक डॉक्टर झाली. आणि शोधनिबंधावर त्या लेकीचं नाव सगळ्यात वर असेल, नेमकं तिनं जे खोटं ठरवलं त्याच्याच खाली सही केल्यासारखं. सर कॅमेऱ्याची लेन्स पुसत होते.

मी दोन्ही पंजे पहिल्या कापावर ठेवले आणि दाबले. ओली वाळू बोटांतून वर आली. मग दुसरा, मग तिसरा. वाचलेली ती पेराएवढी भेग ज्या कापात होती, तोही. तो मोडताना हात थांबला होता, पण तो ठेवला असता तर सरांना त्याच्या वरच्या अर्ध्याचा फोटो मिळाला असता.

"दीपमाला!" सर ओरडले. इतक्या वर्षांत त्यांचा आवाज चढलेला मी पहिल्यांदा ऐकला. "वेड लागलं का तुला? प्रयोगाला असा हात लावतं का कुणी? पुरावा होता तो!"

"हो सर," मी म्हणाले. "होता."

शुक्रवारी सही झाली नाही.