रंभाबाईंचा निरोप

मित्रांनो, मी एक जुना संगणक आहे. चिखलीतल्या सोपानरावांच्या वर्कशॉपमध्ये लेथ मशीनच्या शेजारी माझा मुक्काम. अंगावर तेलाचे डाग, नाकातोंडात लोखंडाचा चुरा. पण एके काळी चाकणच्या कंपन्यांची ड्रॉइंग मी चुटकीसरशी उघडायचो, तेव्हा सोपानराव येईल त्याला सांगायचे, "आमचा गडी लई चपळ हाय!"

त्या चपळाईचं गुपित साधं आहे. माझ्या पोटात एक कपाट आहे, त्याला डिस्क म्हणतात. तिथून काही काढायचं म्हणजे वेळखाऊ काम. म्हणून एकदा काढलेली फाइल मी लगेच दूर करत नाही. रोजची भांडी ओट्यावरच राहतात ना, तशी तिची पानं मी मेमरीत हाताशी ठेवतो आणि पुन्हा मागितली की तिथूनच देतो. फक्त मेमरीतलं सारं वीज असेपर्यंतच टिकतं. इन्व्हर्टरच्या कृपेने मी महिनोन् महिने बंद पडत नसे.

गेल्या दिवाळीनंतर सोपानरावांच्या पत्नी रंभाबाई वारल्या. फोनवर राहिलेला त्यांचा एक निरोप मुलीने, मोनिकाने, माझ्यात उतरवला. पुढे तो फोनही बिघडला. रोज दुपारी सोपानराव डबा घेऊन माझ्यासमोर बसत आणि रंभाबाई बोलत, "आवं, मशीन बंद करा आन् आधी जेवून घ्या. माणूस हाय का लोखंड?" मग ते पहिला घास घेत.

श्रावणात माझ्या डिस्कला कीड लागली. नेमकी त्या निरोपाची जागा गेली. मी पडद्यावर इशारा दिला. तो पाहून मोनिका म्हणाली, "बाबा, आईच्या आवाजाची आधी दुसरी कॉपी काढू या."

"आवाज येतोय की रोज! काय बिघडलंय?"

तो आवाज आता फक्त माझ्या मेमरीत उरला होता, पण हे सांगायला मला तोंड नाही. त्या दिवशी कॉपी मागितली असती, तर हाताशी होतं ते मी आनंदाने दिलं असतं.

खंडेनवमी आली. वर्कशॉपमधल्या यंत्रांची पूजा दरवर्षी रंभाबाई करायच्या. यंदा ती अगदी त्यांच्यासारखीच करायची, असं सोपानरावांनी मनावर घेतलं. त्यांनी सगळी मशिनं थांबवली. मलाही बंद केलं, मायेने पुसलं, हळदकुंकू वाहिलं, झेंडूचा हार घातला. इतकं कोडकौतुक माझं कधी झालं नव्हतं.

पूजेनंतर त्यांनी मला सुरू केलं. फाइलचं नाव दिसलं. मी कपाट पुन्हा पुन्हा चाचपलं, पण हाती काही लागेना.

"रंभा," सोपानराव हळूच म्हणाले, "बोल की."

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

मित्रांनो, मला खुशाल भंगारात घाला, माझी तक्रार नाही. पण रोज हाताशी आहे ते कायमचं आहे, असं मानू नका. आहे तोवरच त्याची काळजी घ्या.

आता दुपारी सोपानराव आपणहून मशीन बंद करतात. डबा उघडतात, आणि कुणीतरी 'जेवून घ्या' म्हणेल म्हणून तसेच बसून राहतात.